ताप उतरल्यावर

वैजूला झोप लागतेय, पण घरात नाही. घरात पलंग आहे, पंखा आहे, फक्त वीज नाही. म्हणून तो दारात उभ्या केलेल्या रिक्षात, मागच्या सीटवर, पाय बाहेर काढून आडवा झालाय. रिक्षा वडजळ नगरपरिषदेच्या आरोग्य विभागाची. टपावर भोंगा, पुढच्या दांडीला माईक, दोन्ही अंगांना डासाचं चित्र. पेंटरनं डास इतका तब्येतीनं रंगवलाय, की सोंड बघून गल्लीतली लहान पोरं त्याला हात जोडून पुढं जातात. डासाला हा मान दुसऱ्या कुठल्या गावात मिळत नसेल.

डोळे मिटतायत त्याला कारण आहे. आज सकाळी आईचा ताप उतरला.

वडजळला नळाचं पाणी आठवड्यातून एकदा येतं. त्यामुळे गावात जे जे म्हणून पाणी धरू शकतं ते सगळं भरलेलं असतं. टाक्या, पिंपं, घागरी, एका घरात तर जुनं वॉशिंग मशीन. त्या पाण्यात डासांची बाळंतपणं होतात आणि गावात डेंग्यू होतो. पाणी साठवू नका असं सांगत फिरणं हे वैजूचं काम. मजकूर लिहायचा तो, आणि आवाज असायचा त्याच्या थोरल्या बहिणीचा, उज्ज्वलाचा. घरात तिला आक्का म्हणायचे, पुढं सगळं गावच म्हणायला लागलं. आक्काचा आवाज असा, की भोंगा नसता तरी चाललं असतं. तिला बघायला आलेल्या एका स्थळानं तर चहा अर्धा टाकून पळ काढला. मुलाच्या आईला हा आवाज कुठं ऐकलाय ते आठवलं, आणि आपल्या घरच्या उघड्या पिंपावरून झालेली बोलणीही आठवली.

"ताप अंगावर काढू नका," असं आक्का गावाला सांगत राहिली, आणि गेल्या महिन्यात डेंग्यूनं गेली.

तिचं रेकॉर्डिंग अजून गावभर फिरतं. वैजूच फिरवतो. लोक दारं लावून घेतात. परवा मुख्याधिकाऱ्यांनी त्याला बोलावून सांगितलं, की मेलेल्या माणसाचा आवाज वापरू नये असा काही नियम नाही, पण बरं दिसत नाही. नवा मजकूर लिही, नवा आवाज घे, आज संध्याकाळपर्यंत दे. वैजूनं कागद घेतला आणि वर "नागरिकांनो" असं लिहिलं. त्याच्या पुढं अजून शाईचा ठिपका पडलेला नाही.

त्यात आईला ताप भरला. आईनं आधीच जाहीर केलेलं, की त्या सरकारी दवाखान्यात ती जिवंत पाऊल ठेवणार नाही. पोरगी तिथं चालत गेली आणि झाकून आली. वैजूनं हात जोडले, रागावला, रडलाही. शेजारच्या डोईफोडे काकूंना मध्यस्थीला आणलं, तर आईनं त्यांनाच काढा पाजून परत पाठवलं. सगळ्या गावाला समजावण्याचा पगार घेणाऱ्या माणसाला घरातली एक बाई समजावता आली नाही. मग उशाशी बसून ओल्या घड्या बदलणं, एवढंच हातात राहिलं.

आणि आज ताप गेला. आई घाम पुसत उठली. झाडलोट केली, वरण टाकलं, पण जेवली नाही. पोटात कळ आली म्हणाली, एकदा उलटीही झाली. कालची डाळ बाधली असेल. तिनं वैजूच्या कपाळावर हात ठेवला. हात छान गार होता. तुझंच कपाळ तापलंय की, असं म्हणून हसली, आणि कडुनिंबाचा डहाळा आणायला सांगितला. ताप उतरला की निंबाच्या पाण्यानं न्हायचं, ही घरची रीत. वैजूनं डहाळा आणून दिला, आणि किती तरी रात्रींची राहिलेली झोप आता त्याच्या पापण्यांवर येऊन बसलीय. गल्लीत कुणाचा तरी हातपंप करकरतोय. करकर लांब जाते. मग अजून लांब.

"नागरिकांनो," कुणीतरी म्हणतं. "पुढं?"

पुढच्या सीटवर आक्का बसलीय. अंगात घरातली मॅक्सी, खांद्यावर टॉवेल. हातात वैजूचा कागद.

वैजू उठून बसतो. त्याला आश्चर्य वाटायला हवं, पण आधी वाटते ती लाज, कारण कागद खरंच कोरा आहे.

"तू मेलीस ना?" तो विचारतो. जागेपणी कुणी असं विचारणार नाही.

"मेले. त्याला आता काय करतोस? पुढचं वाच."

पुढचं काही नाही म्हटल्यावर ती जुन्यातलं म्हणून दाखव म्हणते. वैजू घसा खाकरून म्हणतो, डासांचा करू नाश, घेऊ मोकळा श्वास. आक्का थोडा वेळ विचार करते आणि विचारते, की डास मेल्यानं श्वास कसा मोकळा होतो, तो नाकात बसलेला होता का. वैजू म्हणतो, यमक आहे. आक्का म्हणते, यमकानं माणसं मरायलीत.

रिक्षा चालू लागते. चालवत कुणीच नाही, आक्का तर मागं तोंड करून बसलीय. गल्ली संपते तिथं मारुतीचं देऊळ यायला हवं. ते येत नाही. एकदम चौक येतो. चौकात आक्काचा फ्लेक्स लागलाय, भावपूर्ण श्रद्धांजलीचा. खरा फ्लेक्स विजेच्या खांबाला बांधलेला होता, हा इतका मोठा आहे की खांबच त्याला बांधलेले आहेत. मधोमध आक्का, रेशनकार्डावरच्या फोटोतली, आणि भोवती शोकाकुल मंडळी: माजी नगरसेवक, भावी नगरसेवक, एक गॉगल लावलेला तरुण जो कोण आहे ते कुणालाच माहीत नाही. सगळे हसतायत. सगळे आक्कापेक्षा मोठे छापलेत.

आक्का खाली उतरते, टॉवेलनं फ्लेक्सवरची धूळ पुसते आणि प्रूफ तपासावं तसं बोट फिरवत वाचते.

"अल्पशा आजाराने," ती म्हणते. "हे कुणी लिहिलं?"

वैजू सांगतो, की फ्लेक्सवाल्याकडं ते तयारच असतं. फक्त नाव आणि फोटो बदलायचा. सगळ्यांचंच तसं असतं. कासार गल्लीतल्या टेलरचंही तसंच होतं, त्याच्या आधीच्या म्हातारीचंही.

"म्हणजे गावात डेंग्यूनं कुणी मेलंच नाही."

वैजू गॉगलवाल्या तरुणाकडं बघत राहतो.

"दिवसभर भोंग्यावरनं डेंग्यू डेंग्यू ओरडतोस," आक्का म्हणते, "आणि बहिणीच्या वेळी अल्पसा."

ती रागावलेली नाही, हेच वाईट आहे. ती टॉवेल झटकते. टॉवेल मोठा होतो, जाड होतो, त्याला टाके फुटतात आणि तो दोघांच्या डोक्यावरून खाली येतो. आता ते गोधडीत आहेत. आवाज घुमू नये म्हणून रेकॉर्डिंग नेहमी गोधडीतच व्हायचं. पलंगावर पालथं पडायचं, वरून दोन गोधड्या, मध्ये मोबाईल, आणि मे महिना असला तरी हूं का चूं करायचं नाही. आत डांबराच्या गोळ्यांचा वास. आक्काच्या कपाळावर घाम. मेलेल्या माणसाला घाम येतो, याची वैजू मनात नोंद करतो, आणि त्याला फार बरं वाटतं.

"बाहेर कोण आहे?" आक्का कुजबुजते.

बाहेर स्वयंपाकघरात भांडी वाजतायत. आई, वैजू सांगतो. आणि मग, चांगली बातमी आहे म्हणून, जरा ऐटीत सांगतो, की आई आता बरी आहे. ताप आला होता, हट्टानं दवाखान्यात गेली नाही, पण आज उतरला.

गोधडीतला उजेड कमी होतो.

"कधी?"

"सकाळी. घाम येऊन उतरला."

"हात कसे आहेत तिचे?"

वैजूला प्रश्न कळत नाही. तो म्हणतो, छान गार आहेत. कपाळावर ठेवला तर बरं वाटलं.

आक्का त्याच्याकडं बघते. जिवंतपणी तिनं त्याला नाना तऱ्हांनी बघितलेलं होतं. आळशी म्हणून, गाढव म्हणून, कधी कधी लाडानं. असं कधी बघितलं नव्हतं. ती एका झटक्यात दोन्ही गोधड्या फेकते.

बाहेर पलंग नाही. जिल्ह्याच्या गावचं सभागृह आहे, पांढरे झगे घातलेल्या खुर्च्या आहेत आणि समोर पडदा आहे. वैजू ओळखतो. पावसाळ्याआधीचं प्रशिक्षण. कीटकजन्य आजार, एक दिवस, दुपारचं जेवण धरून. तो शेवटच्या रांगेत स्वतःला बघतो. तिथला वैजू तोंड उघडं टाकून झोपलाय, आणि त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे.

"तू झोपला होतास," आक्का म्हणते.

"तू तर नव्हतीसच."

"मी मागं पुऱ्या बघत होते. वाढपी आला नव्हता."

दोघांनाही प्रमाणपत्र मिळालेलं आहे. घरी फ्रिजच्या वर, चौकट करून, शेजारी शेजारी लावलंय.

वैजू विचारतो, की मग हे आत्ता कशाला. आक्का सांगते, की मेल्यावर ज्याचं जे बुडालं ते परत दाखवतात. हजेरी सक्तीची आहे. आणि पुऱ्या नाहीत.

तेव्हा वैजूला पहिली रांग दिसते. साऱ्या सभागृहात तेवढीच जागी आहे. कासार गल्लीतला टेलर मांडीवर वही घेऊन लिहून घेतोय, कानावर खडू तसाच. त्याच्या पलीकडं ती म्हातारी, जिला लिहिता येत नव्हतं. ती ओठ हलवत पाठ करतेय. अजून कोण कोण आहेत. सगळे वडजळचे, सगळे अल्पशा आजाराचे. पडद्याशी उभ्या डॉक्टरला चेहरा नाही, पण शर्टाच्या खिशाला पेन मात्र आहे. तो अजिबात आवाज न चढवता बोलतो. कदाचित म्हणूनच सगळे झोपलेत.

तो सांगतो, की डेंग्यूत ताप उतरला म्हणजे आजार गेला असं नाही. काही जणांचा खरा धोका ताप उतरल्यावर सुरू होतो. रक्तातलं पाणी नसांतून बाहेर झिरपायला लागतं. माणूस वरून शांत दिसतो. पोटात दुखतं, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते, अंगावर लाल ठिपके येतात. घरचे म्हणतात, चला, सुटलो. हीच वेळ दवाखान्यात नेण्याची.

पहिली रांग मान डोलावते. सगळी एकदम.

वैजू बोटांवर मोजायला लागतो. पोटात दुखतंय, तो मनात म्हणतो. उलटी झाली. हात गार. ही यादी त्यानं सकाळपासून स्वतःच जमवलेली आहे आणि तिच्यावर डोकं टेकून झोपलाय.

"ही स्लाईड," तो म्हणतो, "तेव्हा होती?"

"होती. जेवणाच्या आधीची शेवटची."

तो आक्काचा हात धरायला जातो. हाताला लागतं ते पाणी. कोमट, कडवट वासाचं.

न्हाणीघर आहे. आक्का दगडावर बसलीय, आई तांब्यानं तिच्या पाठीवर निंबाचं पाणी ओततेय. हे वैजूला माहीत आहे, हे झालेलं आहे. आक्काचा ताप उतरला तो हा दिवस. बाहेर डोईफोडे काकू शिरा घेऊन आल्यात. आईनं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्यात. आणि दाराबाहेर उभा राहून तेव्हाचा वैजू मोबाईलवर स्टेटस टाकतोय: वाघीण परत आली. खाली वाघाचं चित्र. वाघ सापडला नव्हता म्हणून सिंहाचं.

"किती लाईक आले?" आक्का विचारते.

वैजूला सांगवत नाही, कारण खूप आले होते.

निंबाची पानं तिच्या दंडाला चिकटलीत. ती एक पान अलगद काढते. खाली लाल ठिपका. दुसरं काढते, खाली ठिपका. ती पानं काढत जाते, आणि तिचा हात मनगटापासून खांद्यापर्यंत लाल टाचण्या टोचल्यासारखा दिसायला लागतो. आई पाणी ओततच राहते. आईला वाटलं होतं, उष्णता बाहेर पडतेय. वैजूलाही तेच वाटलं होतं. पाण्यानं जाईल म्हणाले सगळे.

"दुखत होतं?" वैजू विचारतो. हे त्यानं तेव्हा विचारलं नव्हतं.

"पोट फार दुखत होतं," आक्का म्हणते. "पण तुम्ही सगळे इतके खूश होतात. शिरा आला होता. मग मीच म्हटलं, बरी आहे."

आई तांब्या बुडवते, भरते, ओतते.

"दवाखान्यानं नाही मारलं मला, वैज्या. मला तिथं पोचायला उशीर झाला. एवढंच तिला सांग. ती दवाखान्याच्या भिंतीवर राग धरून बसलीय, आणि आत्ता उठून न्हायला निघालीय."

वैजू म्हणतो, की सांगून झालं, सगळं सांगून झालं. रडूनसुद्धा सांगितलं. आई माझं ऐकत नाही.

"मग तिला नको सांगू. गावाला सांग," आक्का म्हणते. "ती गावातच राहते."

न्हाणीघराच्या भिंती ताडपत्रीच्या होतात, ताडपत्री वाऱ्यानं फडफडते, आणि ते परत रिक्षात आहेत. रिक्षा घराच्याच दारात उभी आहे, पण गल्ली फार लांब झालीय. दोन्ही बाजूंना दारं, दारंच दारं, सगळी लावलेली. आक्का पुढून माईक काढते आणि वैजूच्या हातात कोंबते. माईकच्या अंगावर खटका आहे. वैजू तो दाबतो, पण अंगठ्यात जोर नाही. तो सटकतो.

"दाबून धर. सोडलंस की बंद."

"मला नाही जमत."

आक्का आपला अंगठा त्याच्या अंगठ्यावर ठेवते आणि दाबते. लहानपणी पाटीवर गिरवून घ्यायची तशी.

"नागरिकांनो," वैजू म्हणतो, आणि पुढं काही येत नाही. कागद शोधतो, कागद ओला आहे. नागरिकांनो. नागरिकांनो, डासांचा. लिहिताना दर वेळी हेच व्हायचं. त्या शब्दापुढं तो गेला नव्हता, कारण पुढं जे लिहायचं ते त्याला कळत होतं आणि लिहिलं की ते खरं होणार होतं.

"नागरिक कोण आहेत इथं?" आक्का कानाशी म्हणते. "जिला सांगायचंय तिला हाक मार."

"आई," वैजू म्हणतो.

भोंगा नुसता हूं करतो. गल्ली थांबून ऐकते.

"आई, आक्का अल्पशा आजारानं नाही गेली. डेंग्यूनं गेली. तिचा ताप उतरला होता गं. आपण तिला न्हाऊ घातलं."

आक्का पुढचं सांगते. वैजू हो म्हणतो, आणि ते भोंग्यात म्हणतो. ती अजून सांगते. हो आक्का. पोटाचं सांगतो, उलटीचं सांगतो, गार हातांचं सांगतो. आक्का यमक करत नाही. एकेक साधं वाक्य देते, जसं कुणी पंक्तीत एकेक पुरी वाढावी. हो आक्का. सांगतो. हो.

मग ती त्याला असं एक सांगते, जे भोंग्यात म्हणायचं नाही. फक्त त्याच्यासाठी. ते ऐकून वैजू लहान पोरासारखा रडायला लागतो आणि हो, हो, हो एवढंच म्हणत राहतो. तिचा अंगठा जड होत जातो. अंगठा दुखायला लागतो. सोड आता, तो म्हणतो. आक्का, सोड, दुखतंय.

श्वास ऐकू येतो. मोठा, खरखरीत, सबंध गल्लीभर. एखादं जनावर घराघरांवर पडून दम खातंय तसा. वैजू डोळे उघडतो. तो श्वास त्याचा स्वतःचा आहे. तो भोंग्यातून येतोय.

वैजू मागच्या सीटवर अर्धा बसलाय, अर्धा लोंबतोय. पुढच्या दांडीचा माईक त्याच्या हातात आहे, वायर ताणून इथवर आलीय आणि खटका दाबलेला आहे.

गल्लीतली दारं उघडी आहेत. कधी नव्हे ती सगळी. माणसं उंबऱ्यावर उभी आहेत, काही जेवणाच्या हातानं. कुणी हसत नाही. त्याच्या नोकरीच्या आजवरच्या काळात एवढ्या माणसांनी एवढ्या शांतपणे त्याचं कधी ऐकलं नव्हतं, आणि तो झोपलेला होता. डोईफोडे काकू रिक्षाला धरून उभ्या आहेत. त्या त्याच्या गुडघ्यावर थोपटतायत.

त्यांच्या मागं आई.

आईचे केस ओले आहेत. निंबाचं एक पान कानामागं अडकलंय. अंगावर बाहेर जायची साडी, निऱ्या घाईनं खोचलेल्या, पायात चपला. चेहरा राखेसारखा. तिनं काकूंचा खांदा घट्ट धरलाय. इतका घट्ट, की ती उभी आहे ती स्वतःच्या पायांवर नाही, हे वैजूला बघताक्षणी कळतं. काल हे त्याला कळलं नसतं.

"तुझ्या एकट्याचाच आवाज येत होता," आई म्हणते. "ती काय म्हणत होती ते नाही ऐकू आलं."

वैजू डाव्या हातानं खटक्यावरचा अंगठा सोडवतो. भोंगा बंद होतो.

"पण तू आयुष्यात कुणाला इतक्यांदा हो म्हणाला नाहीस," आई म्हणते. "म्हणजे तीच असणार."

ती काकूंच्या आधारानं रिक्षात चढते. चढताना पोट धरते, आणि या वेळी ते लपवत नाही. काकू तिच्या शेजारी बसतात. कुणी तरी पाण्याची बाटली आत देतं, कुणी गोधडी. समोरच्या घरातला माणूस पिंप आडवं करतोय. आठवड्याचं पाणी गल्लीतून वाहत येतंय आणि कुणी त्याला वेडा म्हणत नाही.

वैजू पुढं येऊन बसतो.

"कशी दिसत होती?" आई मागून विचारते.

"चांगली. मॅक्सीत होती."

आई निऱ्या सारख्या करते. "गावातनं गेली का मॅक्सीत," ती म्हणते. मग पदरानं तोंड दाबते, आणि ती हसतेय का रडतेय हे आरशात बघूनही वैजूला ठरवता येत नाही.

तो रिक्षा सुरू करायला जातो, पण उजवा अंगठा सरळ होत नाही. आतल्या बाजूला, पेरावर, खटक्याची खाचाखाचांची चौकट उतरलीय. तेवढं ठीक आहे, ते व्हायचंच. पण अंगठ्याच्या वरच्या बाजूलाही, नखाच्या खाली, जिथं खटका लागत नाही तिथं, एक लालसर खळगा आहे. गोल, वरून कुणी तरी जोर देऊन दाबल्यासारखा. त्यावर बारीक रेषा आहेत.

आई पुढं वाकते. त्याचा हात आपल्या गार हातात घेते आणि बराच वेळ बघते. मग आपला अंगठा त्या ठशावर ठेवून बघते. तो बसत नाही, मोठा होतो. वैजू डाव्या हाताचा अंगठा ठेवून बघतो. तोही मोठा.

"चल," आई म्हणते. "आपण पोचेपर्यंत ती वाट बघत बसेल."

वैजू चार बोटांनीच हँडल धरतो आणि रिक्षा दवाखान्याकडं वळवतो.